गवीपुरातली उभी गाडी

राजलक्ष्मीला गाडी चालवता येत नव्हती, आणि घरात गाडी चालवू शकणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. तरी दर गुरुवारी सकाळी शाळेत कामावर जाण्याआधी ती गाडीवरचं कव्हर काढायची, ओल्या फडक्यानं बॉनेट पुसायची, काचा पुसायची. मग पुढचं डावं दार उघडून, ते तसंच उघडं ठेवून, आपल्या नेहमीच्या जागेवर बसायची आणि हात लांब करून किल्ली फिरवायची. इंजिन सुरू व्हायच्या आधी जिथं अडते तिथपर्यंतच. समोर एकदम सात-आठ दिवे लागायचे. लाल, पिवळे, एक हिरवा. तेवढं डोळे भरून बघितलं की ती किल्ली मागं फिरवायची, कव्हर घालायची आणि चामराजपेटेच्या बससाठी धावत सुटायची.

गाडी सूर्यकांतरावांची, तिच्या नवऱ्याची. घड्याळांच्या कारखान्यात एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढून शहाण्णव साली ते निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात ही गर्द हिरवी गाडी घेऊन आले. परदेशी कंपनी, नवं मॉडेल. बंगळुरातल्या गवीपुरात, त्या गल्लीत तोपर्यंत स्कूटर आणि एक जुनी टॅक्सी एवढंच होतं. "हिच्यात कार्बोरेटर नाही, कॉम्प्युटर आहे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. गाडीबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीनदा वाचलं. संध्याकाळी राजलक्ष्मीला शेजारी बसवून ते तिची परीक्षा घ्यायचे.

"हा लाल, अधिक-उणेवाला?"

"बॅटरी."

"हा पिवळा?"

"इंजिन. लागला तर घाबरायचं नाही, पण दाखवून घ्यायचं."

"आणि हा? छोटी गाडी, दोन्हीकडं पंख?"

"पंख नव्हे ते, दारं. दार नीट लागलं नाही."

"शाब्बास. आता स्टीअरिंग धर."

"अय्यो, मला नको!" असं म्हणून ती हसत उतरून जायची. माणूस उंच, सहा फुटांना दोन बोटं कमी. सीट अगदी शेवटपर्यंत मागं सरकवून, पाठ जरा कलती करून ते बसायचे. अकरा महिने ते गाडीत असे बसले. नंदीच्या डोंगरावर जाऊन आले, म्हैसूरला दोनदा, लालबागेकडं तर उगाचच.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत, एका मंगळवारी सकाळी साडेदहाला, त्यांच्या छातीत कळ आली. राजलक्ष्मी अनवाणी गल्लीच्या टोकापर्यंत पळाली. पहिला रिक्षावाला थांबला नाही. दुसरा थांबला. त्या रिक्षात त्यांना बसवताना त्यांचे लांब पाय आत मावेनात, आणि रिक्षाच्या शेजारी, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, ती हिरवी गाडी धुऊन-पुसून उभी होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणलं असतं तर वाचले असते का, सांगता येत नाही. राजलक्ष्मीनं ते ऐकलं, मान हलवली, आणि ती दहा मिनिटं मनाच्या तळाशी ठेवून दिली.

मुलगा विराज अमेरिकेत संगणकाच्या कामावर. तो तिसऱ्या दिवशी पोचला, पंधरा दिवस राहिला आणि गेला. त्यानंतर घरात दोघीच. राजलक्ष्मी, आणि तिची मोठी नणंद अंबूबाई.

अंबूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, राजलक्ष्मीही. वय सत्तर. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं करून त्या माहेरी परतल्या तेव्हा आई नव्हती आणि धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता. त्यांनी त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत पोचवलं, त्याच्या लग्नात मुंडावळ्याही त्यांनीच बांधल्या. बोलायला तिखट, अंगानं काटकुळ्या. अडकित्ता आणि सुपारी कनवटीला असायचीच. भाऊ गेल्यावर त्यांना रडताना कुणी पाहिलं नाही. राजलक्ष्मीला त्याचा कधीकधी रागही यायचा. गाडीकडं तर त्या बघतसुद्धा नव्हत्या. म्हणायच्या, "लोखंड ते. उभं राहून गंजतंय. विकून टाक आणि मोकळी हो, सरी? ठीक ना?"

दर रविवारी अमेरिकेहून फोनवर विराजही तेच म्हणायचा. "आई, तू चालवत नाहीस, अक्का चालवत नाही. ठेवून काय उपयोग?"

"बघू रे," राजलक्ष्मी म्हणायची.

मग एका गुरुवारी तिनं किल्ली फिरवली आणि एकही दिवा लागला नाही.

तिनं किल्ली पुन्हा फिरवली, पुन्हा पुन्हा फिरवली. त्या दिवशी तिची बस चुकली. शाळेच्या कचेरीत ती कारकून होती. शाळेच्या बसची बॅटरी जो माणूस बघायचा त्याचा नंबर तिथल्या वहीत सापडला. विल्सन गार्डनमधलं दुकान, नाव कृष्णात. फोन उचलून तिनं कन्नडमध्ये नाव-पत्ता सांगायला सुरुवात केली, तर पलीकडून आवाज आला, "गवीपुरातल्या म्हणताय? तिथं मराठी लोक ऱ्हात्यात, मग मराठीत बोला की."

कृष्णात मूळचा गडहिंग्लजकडचा. बंगळुरात येऊन त्याला बारा वर्षं झाली होती. चाळिशीचा, बुटका, मनगटं लोहारासारखी. संध्याकाळी स्कूटरवर पायाशी चार्जर ठेवून तो आला आणि बॉनेट उघडून कामाला लागला.

"वहिनी, बॅटरी पार उतरलीय. किती दिवस झालं गाडी उभी हाय?"

"चौदा महिने. म्हणजे शेजारचा मुलगा आधी चालू करून द्यायचा दहा मिनिटं. तो होसूरला गेला. तेव्हापासून तशीच."

"दहा मिनटांनी काय हुतंय? चालू करायला जेवढं जातंय तेवढंबी भरत न्हाई." त्यानं बॅटरीच्या टोकांवर जमलेली पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली. "जुन्या गाड्या महिना महिना गप उभ्या ऱ्हायच्या. ही नवी हाय. बंद केली तरी झोपत न्हाई. घड्याळ चालतंय, कॉम्प्युटर जागा असतोय, जरा जरा खातच असतंय. हिला आठवड्यातनं एकदा रस्त्यावर न्या. तीस-चाळीस किलोमीटर, एका दमात."

"कोण नेणार?"

कृष्णातनं फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "न्यायची नसंल तर ही एक वायर सोडून ठिवू. मग उतरायची न्हाई."

"वायर सोडली तर दिवे लागतील?"

"कसलं दिवे?"

"समोरचे."

"न्हाई की. वायरच न्हाई तर दिवे कसं लागतील?"

"मग नको," राजलक्ष्मी म्हणाली. "असू दे." कारण विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. कृष्णातनं विचारलं नाही. तिनं दिलेली कॉफी तो उभ्यानंच प्यायला, आणि "स्वल्प थांबा, बिस्किट आणते" म्हणाली तेव्हा मात्र हसला. "तुमची मराठी लई गमतीची हाय बघा. अर्धं तिकडचं, अर्धं हिकडचं."

"साडेतीनशे वर्षं झाली आमच्या लोकांना इथं येऊन," ती म्हणाली. "तुमचीच आम्हाला गमतीची वाटते."

रात्रभर चार्ज करून त्यानं बॅटरी परत बसवली. गुरुवारी दिवे लागले. तिसऱ्या गुरुवारी पुन्हा अंधार. कृष्णातनं नवी बॅटरी घातली. तीही अठरा दिवसांत उतरली. आता तो चक्रावला. त्यानं जोडणी देऊन इंजिन चालू केलं तर बाकीचे दिवे विझले, पण पिवळा तसाच राहिला. गाडीसारखी गाडी धडधडतेय आणि समोर तो पिवळा दिवा टक लावून बघतोय.

"घाबरायचं नाही, पण दाखवून घ्यायचं," राजलक्ष्मी स्वतःशीच म्हणाली.

"बॅटरी लई खाली गेली की कॉम्प्युटर तक्रार लिहून ठिवतोय," कृष्णात म्हणाला. "रस्त्यावर चांगली चालवली की चार-आठ फेऱ्यांत आपोआप पुसून टाकंल. थांबा, मीच एक चक्कर मारून आणतो." तो स्टीअरिंगपुढं बसला. पाय लांब केले तरी क्लचला बोटंही टेकेनात. त्याचा हात सीटखालच्या दांडीकडं गेला.

"नको!" राजलक्ष्मी इतक्या मोठ्यानं ओरडली की ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या अंबूबाईंचा हात थांबला. "सीट हलवू नका. आरसासुद्धा नको."

कृष्णातनं तिच्याकडं बघितलं, मागं सरकलेल्या सीटकडं बघितलं. मग इंजिन बंद करून तो हळूच उतरला. गाडीचं दारही त्यानं अगदी अलगद लावलं.

त्यानंतर तो दर पंधरवड्याला यायचा, चार्जर लावायचा, जायचा. पण अशी बॅटरी उतरतेच कशी हे त्याच्या डोक्यातून जाईना. जूनमध्ये एका बुधवारी तो टेस्टलॅम्प घेऊन आला. दोन तारांना लावलेला एक छोटा बल्ब. बॅटरीची एक वायर काढून त्यानं तो बल्ब मध्ये जोडला. "गाडी बंद हाय. तरी कुठनं गळती असंल तर ह्यो पेटंल."

बल्ब पेटला. चांगला लख्ख.

"आता सापडला." त्यानं फ्यूज एकेक काढून पाहिले, मग कव्हर सगळं उचललं. मागच्या डाव्या दारापाशी तो थांबला. दार लागल्यासारखं दिसत होतं, पण पुरतं बसलेलं नव्हतं. आत छतावरचा दिवा मिणमिणत होता. कव्हरच्या आड तो कुणाला दिसणार? कृष्णातनं दार ढकलून लावलं. तिकडं बल्ब विझला.

"दार अर्धं लागलेलं, वहिनी. दिवा चालूच हुता."

"पण मागचं दार मी उघडतच नाही," राजलक्ष्मी म्हणाली.

कृष्णात खाली बघत होता. मागच्या सीटजवळ पायपुसण्यावर सुपारीचे चार बारीक तुकडे पडले होते. त्यानं त्यातला एकही उचलला नाही. फक्त म्हणाला, "दार बाहेरनं ढकलायला जरा ताकद लागतीय. बारीक हाताला जमत न्हाई." आणि तारा गुंडाळायला लागला.

राजलक्ष्मीला त्या रात्री नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली आणि दुपारी एकच्या बसनं परत आली. फाटक आवाज न करता उघडलं. गाडीचं कव्हर मागच्या डाव्या बाजूनं वर उचलून टपावर टाकलेलं होतं. दार हातभर उघडं. आणि दाराखाली, फरशीवर, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा अंबूबाईंच्या चपला, एकाला एक चिकटून.

राजलक्ष्मी जागीच उभी राहिली. काचेतून तिला अंबूबाईंचं डोकं दिसत होतं. पांढऱ्या केसांचा लिंबाएवढा अंबाडा. त्या झोपलेल्या नव्हत्या. दोन्ही हात त्यांनी पुढच्या सीटच्या पाठीवर ठेवले होते, आणि समोरच्या काचेकडं बघत होत्या, गाडी चाललेली असताना बघावं तसं.

परत फिरावं, असं राजलक्ष्मीच्या मनात आलं. ती दोन पावलं मागंही सरली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं पर्स ओसरीवर ठेवली, चपला काढल्या, कव्हरची पुढची बाजू उचलली आणि पुढचं डावं दार उघडून आपल्या जागेवर जाऊन बसली.

मागं काही हललं नाही. बराच वेळ दोघीही समोर बघत राहिल्या.

"दार लावू नकोस गे," शेवटी अंबूबाई म्हणाल्या. "टक्क करून सगळी दारं बंद होतात. मला उघडता येत नाही."

"नाही लावत, अक्का."

"किल्ली तुझ्या कपाटातली घेतली. दुसरी."

"असू दे."

"रोज नाही येत मी." मग थोड्या वेळानं, "रोजच येते."

राजलक्ष्मीनं मागं वळून बघितलं नाही. वळली असती तर अक्कांचं बोलणं थांबलं असतं, हे तिला एवढ्या वर्षांच्या सहवासानं कळत होतं.

"म्हैसूरला जाताना तो गात होता, आठवतंय तुला?" अंबूबाई म्हणाल्या. "इथनं मागनं त्याचे कान दिसायचे. लहानपणी मी तेल घालायची त्या कानात. एवढा मोठा झाला, टक्कल पडलं, कान तेच. मी मागं बसून कानच बघायची." त्यांचा आवाज सरळ होता. हात मात्र सीटच्या पाठीवरून सुटत नव्हते. "तू शाळेत जातीस. तिथं चार माणसं असतात. मी घरात कुठं जाऊ? त्याच्या खोलीत गेलं की खोली रिकामी दिसते. इथं तसं होत नाही. इथं वाटतं, उतरून कुठं तरी गेलाय, पान आणायला. येईल."

"मग विकून टाक, विकून टाक का म्हणत होता?"

"तू अजून ती रिक्षा बघतीस म्हणून," अंबूबाई म्हणाल्या. "मला काय दिसत नाही का? गाडी पुसताना तू रस्त्याकडं बघतीस. मला वाटलं, गाडी गेली की तुझं ते बघणं जाईल."

त्यावर राजलक्ष्मीला जे रडू आलं ते सतरा महिन्यांत आलं नव्हतं. दवाखान्याचं, दहा मिनिटांचं, रिक्षात न मावणाऱ्या पायांचं, जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं तिनं समोरच्या काचेकडं तोंड करून सांगितलं. अंबूबाईंचा एक हात पुढच्या सीटवरून सरकत आला आणि राजलक्ष्मीच्या खांद्यावर राहिला. हाताला सुपारीचा वास होता. दोघी तशाच बसल्या असताना पोस्टमन आला, कव्हराखालच्या गाडीत दोन बायका बघून गोंधळला, आणि पत्र ओसरीवर टाकून निघून गेला.

रविवारी विराजचा फोन आला तेव्हा राजलक्ष्मी म्हणाली, "गाडी विकायची नाही. पुन्हा विचारू नकोस." तो म्हणाला, "बरं." पुढं कधी त्यानं विषय काढला नाही.

मग तिनं कृष्णातला फोन केला. "तीस-चाळीस किलोमीटर म्हणालात ना? चला."

तो पुढच्या रविवारी आला, धुतलेला शर्ट घालून. सीटपाशी जाऊन उभा राहिला आणि राजलक्ष्मीच्या होकाराची वाट बघू लागला. ती म्हणाली, "घ्या पुढं." त्यानं दांडी ओढून सीट सरकवली. खाच, खाच, खाच, खाच असा आवाज आला. "चार खाचा," तो म्हणाला. "आल्यावर चार मागं." आरसा खाली वळवताना मात्र त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

"कुठं जायचं?" त्यानं विचारलं.

मागून अंबूबाई म्हणाल्या, "होसकोटे."

राजलक्ष्मीनं चमकून मागं बघितलं. अंबूबाईंचं सासर होसकोट्याचं. चौपन्न वर्षांत त्यांनी त्या गावाचं नाव घेतलेलं तिनं ऐकलं नव्हतं.

गाडी गल्लीतून बाहेर पडली तेव्हा शेजारणी फाटकांत येऊन उभ्या राहिल्या. पिवळा दिवा लागलेलाच होता. शहर मागं पडलं, रस्ता मोकळा झाला, काचेतून वारा यायला लागला. कृष्णातनं वेग धरला आणि राजलक्ष्मीनं डोळे मिटले. आवाज तोच होता. इंजिनाचा तो दबका आवाज, दारातून येणारी वाऱ्याची शीळ. डोळे मिटले की उजव्या बाजूला तेच बसलेले. उघडले की कृष्णात. तिनं असं दोन-तीनदा केलं, आणि मग ठरवून डोळे उघडेच ठेवले.

होसकोट्याला कारखान्यांच्या भिंती रस्त्यापर्यंत आल्या होत्या. ट्रकांची रांग लागलेली. "इथं कुठं थांबायचं, अक्का?" कृष्णातनं विचारलं. अंबूबाई काचेला नाक लावून बघत होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "हे ते नव्हे. परत चला." त्या उतरल्याही नाहीत.

घरी आल्यावर कृष्णातनं चार खाचा मागं घेतल्या.

पुढचे तीन रविवार असेच गेले. एकदा होसूरच्या रस्त्याला, एकदा कनकपुराच्या रस्त्याला, एकदा तुमकुराकडं. चौथ्या फेरीला, तुमकुराच्या रस्त्यावरच, पिवळा दिवा विझला. कुणाला आधी कळलंच नाही. राजलक्ष्मीचं लक्ष गेलं तेव्हा तिथं काळी काच होती. बॅटरी त्यानंतर उतरली नाही.

"आता माझं काम संपलं, वहिनी," कृष्णात म्हणाला. "दर ऐतवारी मी कुठवर येणार? घरात सांगून सांगून थकलो. तुम्हीच शिका."

"मी? बावन्न वर्षांची?"

"गाडीला काय वय कळतंय?"

तिनं नको म्हटलं. मग त्या आठवड्यात रोज बसस्टॉपवर उभी असताना जाणाऱ्या प्रत्येक रिक्षाकडं बघत राहिली, आणि शनिवारी हनुमंतनगरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आली. शिकवणारा तिच्या मुलापेक्षा लहान होता आणि ओरडायचा. गाडी बंद पडली की तिचे कान लाल व्हायचे. पहिल्या परीक्षेत ती चढावर मागं घसरली आणि नापास झाली. दुसऱ्या वेळी पास. लायसन्सवरच्या फोटोत ती घाबरलेली दिसते, पण लायसन्स तिचं होतं. त्या दिवशी तिनं सूर्यकांतरावांची सीट स्वतःच्या हातानं पुढं ओढली. सहा खाचा लागल्या. नंतर ती मागं न्यायची तिला आठवण झाली नाही, किंवा झाली असेल तर तिनं तसं केलं नाही.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत, एका दुपारी, दोघीच निघाल्या. राजलक्ष्मी जपून, कडेकडेनं, तिसऱ्या गिअरच्या वर न जाता चालवत होती. मागं ट्रक भोंगे वाजवत होते. अंबूबाईंनी या वेळी पुढं बसावं म्हणून तिनं आग्रह केला होता, पण त्या मागंच बसल्या. होसकोट्याचे कारखाने गेले, बाजार गेला. मग डाव्या हाताला तळं लागलं, मोठं, उन्हात पसरलेलं, कडेला सुकलेली चिखलाची पट्टी.

"थांब स्वल्प," अंबूबाई म्हणाल्या.

राजलक्ष्मीनं गाडी चिंचेच्या झाडाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. अंबूबाईंनी स्वतःच दार उघडलं, उतरल्या, आणि दोन्ही हातांनी जोर लावून दार लावलं. तळ्याच्या बांधावर जाऊन त्या बसल्या. राजलक्ष्मी शेजारी बसली.

"इथं धुणं घेऊन यायची मी," अंबूबाई म्हणाल्या. "घर त्या बाजूला कुठं तरी होतं. आता नसणार. दोन वर्षं राहिले. दोन वर्षं म्हणजे काय, सणाला माहेरी, आजारपणाला माहेरी. मोजली तर वर्षभरही नसेल." त्यांनी पाण्याकडं बघत पदर सारखा केला. "गुंडोजी."

राजलक्ष्मीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. अक्कांनी नवऱ्याचं नाव घेतलं होतं.

"वीस वर्षांचा होता. आपला विराज आता त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा. बघ की. तो तसाच माझ्यापुढं आला तर मला आजी म्हणेल."

"दिसायला कसे होते, अक्का?"

अंबूबाईंनी खूप वेळ विचार केला. पलीकडच्या काठावर कुणी तरी म्हशी पाण्यात घालत होतं.

"तोंड आठवत नाही गे," त्या म्हणाल्या. "किती वर्षं झाली आठवत नाही. घाबरून मी कुणाला सांगितलं नाही. हात आठवतात. तांब्याची घागर विहिरीतनं वर काढून माझ्या कमरेवर ठेवायचा, सासू बघत नसताना. ते हात आठवतात."

ऊन कलायला लागलं होतं, घरी पोचेपर्यंत दिवेलागण होणार होती आणि अंधारात तिनं अजून कधी गाडी चालवली नव्हती. तरी राजलक्ष्मीनं अक्कांना उठा म्हटलं नाही.